निरोप घेतल्याशिवाय

३ जून, मंगळवार

मागचं दार आज पुन्हा उघडं! तळघरातून बटाटे घेऊन वर आले तर दार वाऱ्यावर आपटतंय आणि नवऱ्याचे – कोर्बिनियानचे – बूट जागेवर नाहीत. टोपली तिथेच टाकून धावले. सापडला – कुंपणापाशी, लुडविग हासलिंगरशी बोलत उभा. टोपी हातात, चेहरा हसरा.

"ग्र्यूस गॉट, लुडविग. गवत कापायला काढलंस वाटतं?"

"काढलं की, काका. तुमचं कसं काय?"

"चालायचंच."

ऐकणाऱ्याला वाटेल, काय ठणठणीत माणूस आहे! घरात आल्यावर मला विचारतो, "कोण गं तो?" तीस वर्षांचा शेजार आमचा.

डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं. तेव्हापासून ही वही लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही. व्रोनीला कळलं की पोरगी आउग्सबुर्गहून गाडी घेऊन दारात – "आई, बाबांना आता संस्थेत ठेवायचं." एकदा नेलं की हा परत यायचा नाही. म्हणून लेकीला सांगितलं नाही, गावालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मूठ झाकलेली राहते ती त्याच्या टोपीमुळे. चौतीस वर्षं खोऱ्यातली बस चालवली. चढणाऱ्या प्रत्येकाला ग्र्यूस गॉट, म्हणजे आमचा नमस्कार, उतरणाऱ्या प्रत्येकाला फिआट दी – देव तुला सांभाळो. उलट उत्तर आल्याशिवाय दार उघडायचा नाही. बाकी सगळं एकेक करून चाललंय, हे तेवढं शाबूत आहे. माणूस दिसला की टोपी आपसूक वर जाते, शब्द आपसूक येतात. मला मात्र जन्मात कधी ग्र्यूस गॉट म्हणाला नाही. बायकोला कोण म्हणतं! मला आपलं, "काय गं, बुर्गल."

मागच्या दाराला गाईच्या गळ्यातली घंटा बांधली.

४ जून, बुधवार

उद्या वरच्या भाड्याच्या खोलीत पाहुणा येणार. कोरियाचा माणूस, आठ दिवस. गेल्या ऑक्टोबरात हो म्हणून बसले, तेव्हा घर घरासारखं होतं. नको म्हणून कळवायला दोनदा कागद घेतला, दोनदा फाडला. कारण काय लिहू?

परका माणूस सकाळी आमच्या टेबलाशी बसणार. त्याच्यासमोर कोर्बिनियान कॉफीत मीठ घालणार. संध्याकाळपर्यंत गावभर, आणि रात्री व्रोनीचा फोन. मला जेवण गेलं नाही.

५ जून, गुरुवार

आला. साठीपुढचा, बारकेला, पाठीवर भलंमोठं ओझं. नाव ह्वांग. पूर्वी पोस्टमन होता – कागदावर पेटी, पत्र आणि सायकल काढून सांगितलं. पायी डोंगर हिंडायला आलाय.

जर्मन अजिबात येत नाही. खिशात एक छोटी वही आहे, तिच्यात नमस्कार, आभार, माफ करा, शुभ रात्री, बस्स. त्याच्या मोबाइलला आमच्या खोऱ्यात रेंजही मिळत नाही.

बरं झालं. ज्याला बोलणंच कळत नाही त्याला यातलं काय कळणार. आज चार घास जेवले.

६ जून, शुक्रवार

सकाळी जिन्यावर पावलं वाजली तशी मी मिठाचं भांडं उचलून कपाटात ठेवलं. ह्वांग खाली आला, दारातच थांबला, वही उघडली आणि वाकून म्हणाला, "गुटन मॉर्गन."

कोर्बिनियानने हातातली वाटी खाली ठेवली. "असं नाही, राजा. हे शहरातलं झालं. इथं म्हणायचं ग्र्यूस गॉट. आणि खाली बघून नाही, डोळ्यांत बघून. पुन्हा बाहेर जा, पुन्हा ये."

मी मनात म्हटलं, संपलं सगळं. पण हाताची खूण ओळखून ह्वांग खरंच बाहेर गेला, पुन्हा आला! टोपीही नाही डोक्यावर, तरी हात उचलून – "ग्र्यूस गॉट." कोर्बिनियानने टेबलावर थाप मारली. "चढ बसमध्ये!"

तासभर शिकवणी चालली. बेकरीत शिरलं की आतल्या सगळ्यांना एकदम म्हणायचं, एकेकाला नाही. दुपारी बाराला कुणी भेटलं तर माल्त्साइट, म्हणजे सुखाने जेवा, मग तो जेवायला निघालेला असो की शौचाला! डोंगराच्या वाटेवर कुणीही समोर आला तरी ग्र्यूस गॉट, ओळख असो नसो. आणि सोबत केलीस कुणाला, तर फिआट दी झाल्याशिवाय हलायचं नाही. "आधी त्याचं, मग तुझं, मग पाय उचलायचा. तसाच जातो तो बैल." हे त्याने आधी करून दाखवलं, मग ह्वांगच्या वहीत स्वतः लिहून दिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण लिहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. खाली एक बैलही काढला.

"गाव कुठलं तुमचं?" हे मात्र त्याने तीनदा विचारलं. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. ह्वांगने तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने ते शब्द परत म्हणून दाखवले. त्याला बहुतेक तोही धडाच वाटला.

७ जून, शनिवार

कोर्बिनियानच्या टोपीत आतून नाव आणि फोन नंबर शिवला. मग आठवलं – हा दिसेल त्याच्यासमोर टोपी काढतो. बेकरीवाल्या झेन्झीची नजर घारीची. लगेच वाचेल.

उसवून टाकला.

८ जून, रविवार

चर्चनंतर सगळं गाव ह्वांगभोवती. म्हातारीकोतारी, पोरंटोरं, पाद्रीसुद्धा. तो प्रत्येकाला हात उचलून ग्र्यूस गॉट, आणि प्रत्येकाचं तोंड हसरं. आमच्या गावाला पाहुण्याशी बोलायला तीन वर्षं लागतात, याला तीन दिवस पुरले! झेन्झीने पिशवीभर पाव दिले. हासलिंगर म्हणाला, उद्या ट्रॅक्टरवर बसवतो.

झेन्झी मला म्हणाली, "बुर्गल, तुझा नवरा तरुण झालाय गं. बघ कसा बोलतोय. मास्तर झालाय नुसता!"

मी हसले. कोर्बिनियानला घराकडे वळवलं.

दुपारी व्रोनीचा फोन. "आई, बाबा फोनवर येत का नाहीत? काही झालंय का?" झोपलेत म्हटलं. "आई, खरं सांग." चालायचंच गं, म्हटलं. पोटच्या पोरीशी खोटं बोलताना आवाज जराही हलला नाही, याचंच भय वाटलं.

९ जून, सोमवार

पाव कापायची सुरी कुठल्या बाजूने धरायची ते आज कोर्बिनियानला सुचेना. पात्यालाच हात घालत होता. मी हिसकावली. ह्वांगने पाहिलं. स्वतःचा कापलेला पाव उचलून त्याच्या ताटलीत ठेवला.

१० जून, मंगळवार

अकरा वाजलेत. कोर्बिनियान घरात नाही. मी मागच्या परसात वाफे भाजत होते – छे, काय लिहितेय – खुरपत होते. घंटा वाजली नाही. पुढच्या दाराने गेला. पुढच्या दाराचा मी विचारच केला नव्हता.

दीड. गोठा, ओढा, चर्चची मागची बाजू, बसचा जुना डेपो. नाही. कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर सांगावं लागेल. रस्त्यात पाद्रीबुवांची स्वयंपाकीण भेटली, काय शोधतेस म्हणाली. मांजर, म्हटलं. आमच्याकडे मांजर नाही.

ओढ्याला पाणी फार आहे.

तीन. ह्वांगही आलेला नाही. रोज दुपारी एकला येतो. दोघंही नाहीत. त्याच्याबद्दल मला काय ठाऊक आहे? एक नाव आणि कागदावरची सायकल. कुठे नेलं त्याने माझ्या नवऱ्याला? कशाला घेतलं मी परक्याला घरात!

व्रोनीला फोन करू? करून काय सांगू, की हरवला?

११ जून, बुधवार

आज जमेल तसं सगळं लिहिते.

काल साडेतीनला मी बेकरीत शिरले. आत चार बायका. मी दारातून सगळ्यांना ग्र्यूस गॉट म्हटलं – त्याही वेळी! जीव टांगणीला लागलाय आणि तोंड आपलं काम करतंय.

"ग्र्यूस गॉट, बुर्गल," झेन्झी म्हणाली. "कसं चाललंय?"

उत्तर जिभेवर तयार होतं. चालायचंच. आमच्याकडे दुसरं उत्तर कुणी देतच नाही. झेन्झीच्या नवऱ्याला पुरलं त्या आठवड्यात मी तिला हेच विचारलं होतं आणि तिनेही हेच सांगितलं होतं. मग दोघींनी हवापाण्याचं बोलून घेतलं.

मी म्हटलं, "बरं नाही चाललंय. कोर्बिनियानला काही आठवत नाही. फेब्रुवारीपासून. आणि सकाळपासून तो सापडत नाहीये."

झेन्झीच्या हातात पाव तसाच.

"अगं पण सव्वानऊला तो या दारावरून गेला," ती म्हणाली. "टोपी काढली, माझ्या गुडघ्याचं विचारलं. मी म्हटलं, फिआट दी, कोर्बी. म्हणजे... मला कसं कळणार?"

दुसरी म्हणाली, "मला रस्त्याकडेच्या देवळीपाशी भेटला. ऊन छान आहे म्हणाला." तिसरीच्या सासऱ्याला पुलावर भेटला होता. झेन्झीने तोवर हासलिंगरला फोन लावलेला. तो गावच्या आग विझवणाऱ्या बंबवाल्यांचा मुख्य, शोधाशोधही तेच करतात. पाच मिनिटांत दारात. रडकुंडीला आला होता बापडा. "काकू, दहाला माझ्या शेताकडून गेले हो. मी ट्रॅक्टरवरून हात केला. त्यांनी टोपी हलवली. इतके व्यवस्थित होते!"

सगळ्यांचं एकच. व्यवस्थित होता. न बोलता जाणाऱ्याकडे आम्ही वळून वळून बघतो – कोण हा, कुठला, काय काम. टोपी काढणाऱ्याला कुणी अडवत नाही. नवरा माझा टोपी काढत काढत गावाबाहेर गेला आणि अख्ख्या गावाने त्याला प्रेमाने वाटेला लावलं.

पण त्याच नमस्कारांनी माग लागला, हेही खरं. बेकरी, शेत, देवळी, पूल. पुलापुढे माणूसवस्ती नाही. तिथे एक सायकलवाला उतरून येत होता, म्युनिकचा. हासलिंगरने गाडी आडवी घातली. हो, म्हणाला, वर खिंडीत बसच्या जुन्या थांब्यावर दोन म्हातारे बसलेत. "मी ग्र्यूस गॉट म्हटलं, त्यांनीही म्हटलं. वाटलं, दम खातायत."

तो थांबा बंद होऊन बारा वर्षं झाली. कोर्बिनियानच्या फेरीचा शेवटचा थांबा. मला सुचायला हवं होतं.

पावणेसातला पोचलो. बाकावर दोघं शेजारी शेजारी. कोर्बिनियानच्या अंगात ह्वांगचा कोट. ह्वांग नुसत्या सदऱ्यावर, ओठ निळे, खिंडीतला वारा आपला नेहमीचा. आणि कोर्बिनियानच्या पायांत घरातल्या सपाता. कापडी, टाचेशी फाटलेल्या. डाव्या पायाला ह्वांगचा रुमाल बांधलेला, रक्ताने वाळून कडक झालेला.

सपाता घालून माणूस बेकरीवरून गेला, शेतावरून गेला, देवळीवरून, पुलावरून. सगळ्यांनी टोपी पाहिली. पाय कुणी पाहिले नाहीत.

मला बघून म्हणाला, "काय गं, बुर्गल. चार दहाची अजून आली नाही." मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

हासलिंगर घाबरला की ओरडतो. ह्वांगवर ओरडला. "अहो, सात तास! कुणाला अडवायचं नाही? हाक मारायची नाही? एवढी माणसं गेली असतील!"

ह्वांगला बोलणं कळलं नाही, राग कळला. वही काढून आम्हाला दाखवली. नमस्काराचे सहा प्रकार. आभाराचे तीन. "माफ करा" आहे, "आपली परवानगी आहे का" आहे. "मदत करा" नाही. आम्ही शिकवलंच नव्हतं! सायकलवाल्याला त्याने वाकून नमस्कार केला, कोर्बिनियानकडे बोट दाखवलं, पायाकडे दाखवलं. सायकलवाला म्हणाला, हो हो, छान जागा आहे.

कोर्बिनियान भेटला तो पुलाच्या वर. ह्वांगने दंडाला धरून परत फिरवायला पाहिलं, तर यानेच ढकललं त्याला – बस चुकेल म्हणून. हे सगळं ह्वांगने हातांनी सांगितलं. एकट्याने खाली येऊन माणसं आणता आली असती. तसंही हासलिंगरने खुणेनं विचारलं. ह्वांगने मान हलवली आणि वहीतलं शेवटचं पान उघडलं. कोर्बिनियानचं वाकडंतिकडं अक्षर, खाली बैल.

"हे," कोर्बिनियानकडे बोट. "फिआट दी – नाही." मग स्वतःच्या छातीवर बोट. "मी – जात नाही."

हासलिंगर पाठ करून गाडीकडे गेला. मी तिथेच दगडावर बसून रडले. तीन वाजता याच माणसाबद्दल मी या वहीत काय लिहिलंय! खोडणार नाही. असू दे डोळ्यांसमोर.

१२ जून, गुरुवार

व्रोनी आली. काल रात्री मीच फोन करून सगळं सांगितलं. दारातच सुरू. "चार महिने, आई! चार महिने मला कळवलं नाहीस. ते मेले असते तर?" बरोबर होतं तिचं. मी उलट बोलले नाही. तिच्या पिशवीत आउग्सबुर्गच्या दोन संस्थांची माहिती. एका ठिकाणी जुलैत जागा होते म्हणे. ती बोलत होती आणि मी कोर्बिनियानकडे बघत होते. तो खिडकीपाशी, पायाला पट्टी. व्रोनीला म्हणाला, "ग्र्यूस गॉट, पोरी. कुठपर्यंत जायचं?"

व्रोनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला तिकीट विचारत होता तिचा बाप.

तेवढ्यात झेन्झी केक घेऊन आली, न बोलावता. मागे हासलिंगर. झेन्झी उभ्या उभ्याच बोलली. "व्रोनी, तुझ्या आईने आम्हाला सांगितलं नाही, ती तिची चूक. आम्ही विचारूनही उत्तर ऐकलं नाही, ती आमची. आता यापुढे मी नुसती टोपी बघणार नाही. पाय बघीन, कुठे निघालास विचारीन आणि सोबत जाऊन घरी सोडीन." हासलिंगर म्हणाला, बंबवाल्या सगळ्यांना सांगितलंय. आठवड्यातून तीनदा शुश्रूषेची बाई यायची सोय व्रोनीने फोनवर तिथल्या तिथे केली.

जाताना व्रोनी म्हणाली, "पानगळीपर्यंत, आई. मग पुन्हा बघू." कागद मात्र टेबलावर ठेवून गेली. मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलेत.

टोपीत नाव पुन्हा शिवलं. लाल दोऱ्याने, मोठ्ठं.

१३ जून, शुक्रवार

ह्वांग गेला. फाटकाशी ओझं पाठीवर घेऊन उभा राहिला आणि हलेचना. बस यायची वेळ झाली. कोर्बिनियान त्याचा हात हातात धरून हसतोय, पण शब्द काही येत नाही. मी वाट पाहिली. ह्वांगने वाट पाहिली. वळणावर बस दिसली.

शेवटी मी म्हटलं, दोघांच्या वतीने. "फिआट दी, ह्वांगसाहेब."

"फिआट दी," तो म्हणाला. डोळ्यांत बघून, शिकवल्याप्रमाणे. मग पाय उचलला.

१५ जून, रविवार

वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की भीती जाईल. लपवायची गेली. दुसरी आहेच. ती सकाळी माझ्याआधी उठते.

१७ जून, मंगळवार

सकाळी सात. मी टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते. कोर्बिनियान खोलीतून आला, खुंटीवरची टोपी घेऊन डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून ती उचलली.

"ग्र्यूस गॉट, बाई. इथे कुणी बसलंय का?"

"ग्र्यूस गॉट," मी म्हटलं. "कुणी नाही. बसा ना."

बसला. हवा छान आहे म्हणाला. मीही म्हटलं, छान आहे. कॉफी ओतून दिली, त्याने दोनदा आभार मानले. मग बराच वेळ आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो.

फिआट दी तो म्हणाला नाही. मीही म्हटलं नाही.